पळीभर तीर्थ

"तोंडातून काही द्यायचं नाही. पाणी नाही, चहा नाही, साखरेचा दाणा नाही. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला प्रेमाने पाजलेला घोट पोटात जात नाही, श्वासनळीत जातो. म्हणून उंबऱ्यात पाय ठेवलास की आधी विचार, काही दिलंय का. आणि नीट विचार गो बाय. घाबरलेली माणसं विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतात."

इरावतीला हे काम शिकवणाऱ्या जर्ट्रूड सिस्टरना जाऊन बराच काळ लोटला होता. माझगावच्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी शेवटची प्रार्थना झाली तेव्हा इरावती मागच्या बाकावर नुसते हात जोडून बसून होती, कारण तिथलं दुसरं काही तिला येत नव्हतं. पण अॅम्ब्युलन्सचं मागचं दार उघडून, औषधांची बॅग खांद्याला लावून ती खाली उतरली की सिस्टरचा आवाज तिच्याआधी जिना चढायचा.

इरावती त्या गाडीवरची पॅरामेडिक. डॉक्टर नव्हे. रस्त्यात किंवा घरात कोसळलेल्या माणसाचा श्वास चालू ठेवायचा, त्याला हॉस्पिटलच्या दारापर्यंत न्यायचं आणि तिथल्या डॉक्टरला जे पाहिलं, जे केलं, ते सगळं न लपवता सांगायचं, इतकं तिचं काम. गाडी चालवायचा रेमंड. तो खोताच्या वाडीतला. वयाने वडिलांसारखा, पण तिला मॅडम म्हणायचा आणि ती त्याला अंकल.

त्या सोमवारी सकाळी गाडी लालबागच्या पुलाखाली उभी होती. रेमंडने तिच्यासाठीही कटिंग आणला. तिने हात जोडून नको म्हटलं. सोमवारी संध्याकाळी देवाजवळ दिवा लावेपर्यंत ती पाणीही घेत नसे.

"सकाळपासून काहीच नाही?" रेमंडने विचारलं.

"काहीच नाही."

"आमचा देव लेंटच्या उपासापुरता धरतो, मॅडम. तुमचा तर आठवड्याला हप्ता वसूल करतो."

ती हसली. तो दोन्ही चहा प्यायला, आणि दुसरा ग्लास टपरीवर ठेवतो न ठेवतो तोच कंट्रोल रूमचा कॉल आला. लालबागमधलीच चाळ, तिसरा माळा. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, एक बाजू लुळी पडलेली, बोलणं बंद. घरी बायको एकटीच. फोन मुलाने ऑफिसातून केला होता.

चाळ चिवडा गल्लीच्या मागे होती. जिना लाकडी, अरुंद, वळणावर इतका अंधार की हात धरल्याशिवाय पायरी कळू नये. स्ट्रेचर वर जाणार नाही हे पाहूनच रेमंडने खुर्ची काढली. तिसऱ्या माळ्यावर गॅलरीभर माणसं होती. शेजारचा भिवा दारातच उभा राहून सगळ्यांना मागे सारत होता. इरावतीला पाहून तो म्हणाला, "आत फक्त काकू हायत. मी कुणाला जाऊ नाय दिलं."

रमाकांत खाटेवर उशांना टेकून अर्धवट बसवलेले होते. मान एका बाजूला कललेली, उजवीकडचा ओठ ओघळलेला, डोळे उघडे पण कशावरही न टेकणारे. श्वासाबरोबर घशातून घरघर येत होती. त्यांच्या पायाशी त्यांची बायको पद्मजा उभी होती. नुकतीच न्हालेली, केसांना पंचा गुंडाळलेला, कुंकू ओलं. ती रडत नव्हती. नवऱ्याचा अंगठा तेवढा घट्ट धरून ठेवला होता.

इरावतीने गुडघे टेकले आणि काम सुरू केलं. दोन्ही हात उचलून सोडले. डावा अलगद उतरला, उजवा पडला. रक्तदाब फार चढलेला. साखर ठीक. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन थोडा कमी दिसला, पण अशा घोरत्या श्वासात तो असतोच कमी. तिने मास्क लावला. हे सगळं करताना ती विचारत होती आणि पद्मजा भराभर सांगत होती. सकाळी उठले तेव्हा बरे होते. अंघोळ करून आल्यावर, माझा पंचा कुठाय, असं स्वच्छ विचारलं. मग खाटेवर बसले ते असे. ब्लडप्रेशरची गोळी रोज चालू आहे. आजची घ्यायची राहिली.

"आणि काकू, हे असं झाल्यापासून तोंडातून काही दिलंत का? पाणी, चहा, गोळी?"

"नाही हो. चहा व्हायचाच होता. रिकाम्या पोटी आहेत ते."

"एखादा घोटसुद्धा नाही?"

"देवाशपथ नाही."

इरावती निर्धास्त झाली. उलटी नाही, ठसका लागेल असं काही गेलेलं नाही. म्हणजे आता घाई एकाच गोष्टीची, मेंदूचा फोटो निघेल अशा ठिकाणी लवकर पोचायची. तिने परळच्या मोठ्या हॉस्पिटलला फोन करून अर्धांगाचा पेशंट आणत असल्याचं कळवलं. भिवाने खुर्चीचे पुढचे पाय धरले, रेमंडने मागून पाठ. प्रत्येक वळणावर रमाकांतांचं डोकं मागे पडत होतं आणि इरावती एक पायरी वर राहून दोन्ही तळव्यांत ते सांभाळत होती. खाली आणून त्यांना गाडीत घेतलं. पद्मजा चप्पल न घालताच आली होती. ती मागे, नवऱ्याच्या पायाशी बसली.

लालबागहून परळ म्हणजे असं कितीसं अंतर. पण परळचा पूल पाडल्यापासून तिकडची सगळी वाहनं इकडे लोटली होती. भारतमाताच्या सिग्नलला गाडी जी थांबली ती थांबलीच. पुढे बस, बाजूला टेम्पो, मध्ये शिरलेल्या मोटरसायकली. सायरन नुसता ओरडत होता.

तिथे यंत्राचा आवाज बदलला.

आकडा उतरत होता. इरावतीने मास्क नीट बसवला, ऑक्सिजन वाढवला. तरी उतरत होता. ओठांना निळसर छटा आली. घशातली घरघर आता ओली झाली होती, तळाशी काही साचल्यासारखी. अर्धांगाने श्वास मंदावतो, असा बुडत नाही. ती स्वतःशीच पुटपुटली, काय चुकतंय, काय चुकतंय. छातीला स्टेथोस्कोप लावला. उजव्या बाजूला बुडबुडे.

तिने घसा ओढून घ्यायची नळी तोंडात घातली आणि यंत्र सुरू केलं. नळीतून पांढरट काही सरकत आलं. उलटी, तिला वाटलं. मग वास आला.

मध. तूप. दही. आणि त्या सगळ्यावर एक हिरवा, तिखटसर वास.

नळी अडली. तिने ती बाहेर काढली तर टोकाला तुळशीचं पान चिकटलेलं होतं.

तो वास तिच्या स्वतःच्या घरात त्याच पहाटे होता. तिने स्वतः ते तीर्थ ओंजळीतून ओठांना लावलं होतं आणि मग चहाचा ग्लास नाकारताना रेमंडला सांगितलं होतं, काहीच घेतलेलं नाही. ते खोटं नव्हतंच. तीर्थाने उपास मोडत नाही. तीर्थ हे काही खाणं नव्हे की पिणं नव्हे. हे ती लहानपणापासून जाणून होती, आणि नवऱ्याच्या पायाशी बसलेली ही बाईही.

"काकू, तुम्ही यांना तीर्थ दिलंत?"

"हो, तीर्थ दिलं ना," पद्मजा म्हणाली. आवाजात जराही लपवाछपवी नव्हती. "ते काय, रोजच देते."

"मी विचारलं तेव्हा नाही म्हणालात."

"तुम्ही चहा-पाणी विचारलंत, ताई."

बोलता बोलता पद्मजाची नजर नळीच्या टोकाकडे गेली. पानाकडे पाहिलं, नवऱ्याच्या निळ्या ओठांकडे पाहिलं. तिला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

इरावतीने रमाकांतांना कुशीवर वळवलं, पुन्हा नळी घातली. पुन्हा पांढरं. तिने पद्मजाला त्यांचा खांदा धरून ठेवायला सांगितला, आणि खांदा धरून ती बाई सांगत राहिली, कोणी विचारलं नव्हतं तरी. सोमवारी पंचामृताचा अभिषेक असतो. तीर्थ घेतल्याशिवाय ते चहा घेत नाहीत, गोळी घेत नाहीत, लग्न झाल्यापासून हेच. आज हात पुढे करायला सांगितला तर उजव्या हाताची ओंजळच होईना. तिला वाटलं, झोप नीट झाली नसेल, अंगात त्राण नसेल. म्हणून तिने हनुवटी धरून पळीने तोंडात घातलं. त्यांना ठसका लागला. ठसका लागला म्हणून तो बसावा यासाठी आणखी एक पळी दिली. मग आणखी एक. मग ते असे कलले.

इरावती ऐकत होती आणि तिचे हात चालत होते. जीभ पुढे धर. नळी घाल. ओढ. मास्क. पुन्हा. गाडीत तिच्यापाशी असलेलं सगळं ती करत होती आणि आकडा ऐकत नव्हता. मग एका श्वासानंतर दुसरा आलाच नाही.

तिने हवेची पिशवी जोडली आणि दाबायला लागली. दाब, सोड. दाब, सोड. एरवी अशा वेळी तिच्या ओठांवर आपोआप नाम यायचं, पिशवीच्या लयीला लय धरून. आज ते येईना. दाबावर दाब पडत होते आणि तिच्या मनात फक्त सिस्टरचं शेवटचं वाक्य फिरत होतं. विचारलं तेवढ्याचंच. विचारलं तेवढ्याचंच.

पुढे रेमंडने सायरन बंद करून माइक घेतला होता. आधी त्याने टेम्पोवाल्याला दम दिला. मग बसच्या ड्रायव्हरला हिंदीतून सांगितलं, भाऊ, दो फूट आगे ले. मग एका बाईकवाल्याला शिवी देता देता थांबला. सिग्नल सुटला आणि पुन्हा बंद झाला, गाडी हातभर सरकली होती. माइकवरचा आवाज उतरत गेला, आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा बारीक झालेल्या आवाजात तो म्हणाला,

"घ्या ना रे बाजूला. अरे, माणूस जातोय इथे."

ते आतही ऐकू आलं. पद्मजाने डोळे मिटले. नवऱ्याच्या खांद्यावरचे तिचे हात जागचे हलले नाहीत.

पुष्कळ वेळाने बस फुटपाथला घासून वळली आणि वाट झाली. गाडी सुटली. तेव्हा पद्मजा इरावतीच्या कानाशी वाकून बोलली. "शंतनुला नका सांगू. मुलगा माझा. तो रोज भांडतो. गोळी आधी, देव नंतर, म्हणतो. मी म्हणते, इतकी वर्षं काही झालं का?"

"डॉक्टरांना सांगावंच लागेल, काकू. आत काय गेलंय हे कळलं नाही तर त्यांना पुढचं करता यायचं नाही."

"आणि कुणी दिलं ते?"

"ते मी बोलणार नाही."

कॅज्युअल्टीच्या दारात शंतनु उभाच होता. गळ्यात ऑफिसचं कार्ड, शर्टावर घामाचे पट्टे. लोअर परळहून तो शेवटचा टप्पा धावत आला असावा. त्याने वडिलांच्या तोंडावरची पिशवी पाहिली आणि स्ट्रेचरची दांडी धरून बरोबर पळू लागला. आत सौमित्र नावाचा तरुण डॉक्टर होता. इरावती पिशवी दाबता दाबताच सांगू लागली, जसं शिकवलं होतं तसं, क्रमाने, आवाज न चढवता. शेवटचं स्वच्छ बोलणं अंघोळीनंतर. उजवी बाजू लुळी. रक्तदाब किती. साखर किती. गोळी घेतलेली नाही. वाटेत श्वास थांबला.

मग तिने पिशवी आणखी एकदा दाबली.

"आणि तोंडातून पंचामृत गेलंय. पळीने. घशातून बरंच काढलं, पण उजव्या फुप्फुसात उतरलंय. घरी विचारलं तेव्हा मला कळलं नाही. वाटेत कळलं."

डॉक्टर मान हलवून नळी घालायच्या तयारीला लागला. शंतनुने मात्र दांडी सोडली.

"पंचामृत? कुणी पाजलं?"

"डॉक्टरांना काय गेलं तेवढंच लागतं," इरावती म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मी," पद्मजा मागून म्हणाली. "तीर्थ दिलं मी त्यांना."

शंतनु वळला. तो ओरडेल असं तिथल्या सगळ्यांनाच वाटलं असेल. पण त्याचा आवाज इतका हळू आला की इरावतीलाच जेमतेम ऐकू गेला.

"आज पण, आई?"

एवढंच. मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पद्मजा पडद्याच्या बाहेर अनवाणी उभी राहिली, आणि दोघांच्या मधून सिस्टर, वॉर्डबॉय, मशिनं जात-येत राहिली.

गाडी परत लावल्यावर ती धुवायची असते. नळीला जोडलेल्या बाटलीत जे जमतं ते जंतुनाशक घालून, पिवळ्या पिशवीत बांधून द्यायचं असतं. इरावतीने बाटली हातात घेतली आणि तशीच उभी राहिली. तळाशी पांढरं साचलं होतं, त्यात मधाची पिवळी रेघ. तीर्थ पायदळी येऊ देऊ नये, सांडलं तर बोटाने टिपून डोळ्यांना लावावं, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. रेमंड फरशी पुसत होता. त्याने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा खाली बघून पुसायला लागला. तिने जंतुनाशक ओतलं. पांढरं ढवळून निघालं, वास गेला. तिने पिशवीला गाठ मारली.

नंतर दादरला एक कॉल झाला. जिन्यावरून घसरलेल्या बाईंचा हात मोडला होता. इरावतीने त्यांना गाडीत घेताना नेहमीचा प्रश्न विचारला, तोंडातून काही घेतलंय का, आणि त्याला जोडून विचारलं, तीर्थ, अंगारा, प्रसाद, काढा, काही चाटवलंय का. बाई दुखण्यातही चकित झाल्या. म्हणाल्या, हात मोडलाय हो माझा, देवाला मध्ये कशाला घेता?

दुपारी परळच्या त्याच हॉस्पिटलपाशी ड्युटी बदलली. रेमंडने गाडीची चावी दुसऱ्याच्या हवाली केली आणि इरावतीला हॉस्पिटलच्या आतल्या जिन्याकडे वळताना पाहिलं.

"मॅडम, हँडओव्हर झाला की पेशंट आपला नाही. हे तुम्हीच मला सांगता."

"हो," ती म्हणाली.

"मग?"

ती तोवर पहिली पायरी चढली होती. रेमंडने कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली आणि तो गेटकडे निघून गेला.

आयसीयूच्या बाहेर बाकावर पद्मजा बसली होती. केसांचा पंचा सुटून मांडीवर आला होता. पायात कुणाच्या तरी रबरी सपाता होत्या. शंतनु खिडकीशी उभा होता, आईपासून जितकं दूर राहता येईल तितका. सौमित्र डॉक्टरचं दोघांना सगळं सांगून झालं होतं आणि पद्मजाने ते इरावतीला जसंच्या तसं सांगितलं. मेंदूत मोठा रक्तस्राव झालाय. ऑपरेशन झेपण्यासारखं नाही. फुप्फुसही साथ देत नाही. ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या.

इरावती तिच्याशेजारी बसली. पद्मजानेच विचारलं, समोरच्या दाराकडे बघत.

"माझ्या तीर्थाने झालं का?"

खिडकीशी शंतनुची मान किंचित वळली.

इरावतीला हो म्हणता आलं नसतं आणि नाही म्हणायचा तिला अधिकार नव्हता. ती एकेक शब्द तपासून बोलली. "रक्तस्राव आधी झाला होता, काकू. तो झाला म्हणूनच त्यांची ओंजळ होईना. तो तुमच्यामुळे नाही."

"आणि नंतर? तीर्थाने त्रास झाला?"

"झाला."

पद्मजाने मान हलवली. खोटं सांगितलं असतं तर तिला ते लगेच कळलं असतं, असं इरावतीला वाटलं.

"तीर्थ आहे ना हो ते," ती म्हणाली. तक्रार नव्हती. नुसती न उमगणारी गोष्ट होती.

"श्वासनळीला ते कळत नाही," इरावती म्हणाली, आणि हे आपणही आजवर मनातून मानलेलं नव्हतं हे तिच्या लक्षात आलं.

आतून मशिनचा आवाज येत होता, एकसारखा. पद्मजा पंच्याची कड बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मग तिने इरावतीचा हात धरला. सकाळपासूनचं अहो-जाहो गळून पडलं.

"तुझं नाव काय गं?"

"इरावती."

"इरावती, माझे देव ताम्हनात आहेत."

इरावतीला क्षणभर अर्थ लागला नाही.

"अभिषेक झाला होता. पुसून जागेवर ठेवायचे होते. तेवढ्यात यांनी चहाला हाक मारल्यासारखं केलं, म्हणून मी तसंच तीर्थ काढून दिलं. मग सगळं हे झालं. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक, सगळे तसेच पंचामृतात पडलेत सकाळपासून." तिचा आवाज आत्ता पहिल्यांदा फुटला. "हे आहेत तोवर त्यांना बाहेर काढायला हवं. एकदा का सुतक लागलं की आमच्यात कुणाला शिवता यायचं नाही. दिवसेंदिवस तसेच राहतील. आणि मी इथून उठणार नाही. मी उठले आणि तेवढ्यात काही झालं तर?"

"मी त्या देवांना हात लावणार नाही," शंतनु खिडकीतूनच म्हणाला.

"तुला सांगितलं नाही मी," पद्मजा म्हणाली. कठोरपणे नव्हे. त्याला मोकळं केल्यासारखं.

इरावतीच्या मनात ते ताम्हन आलं. तेच पंचामृत, दुपारच्या उकाड्यात फाटलेलं. आपण तिथे जाऊन त्यात हात घालायचा. सकाळपासून नाम आलं नव्हतं ओठांवर. आता जाऊन कुणाला पुसणार होती ती, आणि कशाच्या बळावर? तिने अडखळत सांगितलं की ती दिवसभर पेशंटांमध्ये होती, तिचं काही सोवळं राहिलेलं नाही.

"तुझे हात दिवसभर धुतलेलेच असतात," पद्मजा म्हणाली. "माझं ऐक. देव्हाऱ्याच्या खालच्या खणात मऊ फडकं आहे. साध्या पाण्याने धू आणि कोरडे पूस. बाळकृष्णाच्या कानामागे ओल राहते, तिथे फडक्याचं टोक घाल. टाक उभे राहिले नाहीत तर आडवे ठेव, चालतं. आणि ताम्हनातलं..." तिने हाताची पकड घट्ट केली. "ते गॅलरीतल्या तुळशीत ओत. कुणाला देऊ नकोस."

"नाही देणार."

"करशील?"

"करते, काकू. आत्ताच जाते."

पद्मजाने कमरेची किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. घराला कुलूप लावून किल्ली भिवानेच आणून दिली होती, गाडी सुटताना. इरावतीने वाकून तिच्या पायांना हात लावला. पद्मजाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि नजर पुन्हा त्या दाराकडे लावली.

इरावती पॅसेजच्या टोकाला पोचली तेव्हा मागून पावलं आली. शंतनु होता. डोळे लाल, चेहरा कोरडा. आता हा अडवेल, असं तिला वाटलं.

"दाराचं लॅच अडकतं," तो म्हणाला. "किल्ली फिरवताना दार जरा वर उचलून धरा."

तिने मान हलवली. तो वळला आणि परत जाऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. आईशेजारी नाही. पण त्याच बाकावर.

जिन्याखालच्या बेसिनशी इरावतीने कोपरापर्यंत हात धुतले. पुसले नाहीत. गेटबाहेर गाड्यांची रांग सकाळसारखीच अडून होती, उन्हात टपांवरून वाफा निघत होत्या. किल्ली मुठीत धरून, उभ्या गाड्यांच्या मधून वाट काढत, ती लालबागच्या दिशेने चालू लागली.